कृत्रिम सूर्याचे नियम कोण लिहिणार?

‘कृत्रिम सूर्य’ सध्या आपल्या पोरांच्या मोबाईलवर जोरात आहे. जानेवारी 2025 मध्ये चीनने तो 1,066 सेकंद पेटता ठेवला, फेब्रुवारीत फ्रान्सने 1,337 सेकंद. आता वीज फुकट होणार, कोळसा संपणार, अशा रील नशिराबादच्या स्टँडवर बसून पाहिल्या जातात आणि समोरच्या महामार्गावरून दीपनगरच्या राखेचे बल्कर जात असतात. या सेकंदांत विजेचा एक युनिटही तयार झालेला नाही, हे रील सांगत नाही. ते सांगितले तर ती पाहणार कोण?

चळवळीतल्या सहकाऱ्यांपुढे आम्ही हा विषय काढतो तेव्हा उत्तर ठरलेले असते. ‘आधी शिष्यवृत्तीचं बघा, ॲट्रॉसिटीच्या केसेसचं बघा, सूर्याचं मग बघू.’ हे ‘मग बघू’ आपल्याला फार महाग पडलेले आहे. धरणे आली, एमआयडीसी आल्या, चौपदरी रस्ते आले. प्रत्येक वेळी नियम आधी लिहून झाले होते आणि आपण नंतर मोबदल्याच्या रांगेत उभे राहिलो. फ्यूजनच्या बाबतीत यंत्र अजून वीस-तीस वर्षे दूर असेल, पण त्याचे नियम आत्ता, या दहा वर्षांत लिहिले जात आहेत. म्हणून आम्हाला हा विषय आजचा वाटतो.

आधी विज्ञान नीट समजून घेऊ, कारण अर्धवट माहितीवर केलेला विरोध आपल्याला शोभत नाही. तारापूरच्या अणुभट्टीत युरेनियमचा जड अणू फोडतात, ते विखंडन. फ्यूजन म्हणजे संलयन. त्यात हायड्रोजनची दोन भावंडे, ड्युटेरियम आणि ट्रिशियम, सुमारे पंधरा कोटी अंश सेल्सिअस तापमानाला एकत्र आणतात. त्यातून हेलियम, एक वेगवान न्यूट्रॉन आणि ऊर्जा मिळते. भट्टीत एका वेळी असणारे इंधन ग्रॅमच्या हिशेबात मोजायचे. जरा काही बिघडले की ही आग स्वतःच विझते. चेर्नोबिल किंवा फुकुशिमासारखे भट्टी वितळण्याचे संकट यात होऊ शकत नाही. हे खरे आहे आणि आम्ही ते मान्य करतो. उरतात दोन गोष्टी. एक, ट्रिशियम. तो किरणोत्सारी आहे, त्याचे अर्धआयुष्य 12.3 वर्षे आहे आणि पाण्याच्या रूपात तो शरीरात सहज शिरतो. दुसरी, भट्टीचे पोलाद. न्यूट्रॉनच्या माऱ्याने ते स्वतः किरणोत्सारी होते आणि ते साधारण शंभर वर्षे सांभाळावे लागते.

बाकी ‘आता आलेच’ हा सूर जुना आहे. 1955 मध्ये जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेचे अध्यक्ष म्हणून होमी भाभांनी सांगितले होते की येत्या वीस वर्षांत संलयनाची ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल. त्याला सत्तर वर्षे झाली. 5 डिसेंबर 2022 रोजी अमेरिकेच्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत 2.05 मेगाज्यूल लेझर ऊर्जा घालून 3.15 मेगाज्यूल बाहेर आली. जगभर जल्लोष झाला. ते लेझर चालवायलाच सुमारे 300 मेगाज्यूल वीज खर्च झाली होती, हे मात्र बातमीच्या शेवटच्या ओळीत.

यात आपला पैसा नाही, असे समजू नका. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ‘इटर’ या सर्वांत मोठ्या फ्यूजन प्रकल्पाच्या सात भागीदारांत भारत आहे, सुमारे नऊ टक्के वाटा घेऊन. त्या यंत्राला बाहेरून झाकणारे तीसेक मीटर उंच, 3,850 टन वजनाचे पोलादी भांडे, क्रायोस्टॅट, हजिऱ्याला तयार झाले. भुसावळवरून वाहणारी आपली तापी जिथे समुद्राला मिळते तिथेच हे हजिरा. त्याचा शेवटचा भाग 30 जून 2020 रोजी रवाना झाला. तेव्हा लॉकडाऊनमधून पायी घरी आलेले मजूर जेमतेम सावरत होते. असो. मुद्दा इतकाच की जनतेच्या करातून पैसा गेला आहे, तर नियमांवर बोलण्याचा अधिकारही जनतेचा आहे.

आता बाहेरची सरकारे काय करत आहेत ते पाहा. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने 14 एप्रिल 2023 रोजी ठरवले की फ्यूजन यंत्राला अणुभट्टीचे नियम लावायचे नाहीत. रुग्णालयातले किरणोत्सारी स्रोत, कारखान्यातली गॅमा यंत्रे, कणत्वरक हे ज्या वर्गात येतात, त्याच ‘उपपदार्थ’ वर्गात फ्यूजनही जाईल. फ्यूजन कंपन्यांच्या संघटनेची मागणी नेमकी हीच होती. ब्रिटनने ऑक्टोबर 2023 च्या ऊर्जा कायद्याने फ्यूजनला अणुस्थळाच्या परवान्यातून वगळले आणि ते पर्यावरण संस्था व कामगार सुरक्षा यंत्रणेकडे सोपवले. फ्रान्सने मात्र इटरला अणुप्रकल्पच मानले. 2022 च्या सुरुवातीला तिथल्या नियामकाने जोडकाम आणि किरणोत्सार-संरक्षणाच्या शंकांवरून इटरच्या मुख्य पात्राची जुळणी पुढे न्यायला परवानगी दिली नाही. सात सत्तांचा प्रकल्प एका नियामकाने अडवला. नियामक असावा तर असा.

अमेरिका-ब्रिटनचा युक्तिवाद थोडक्यात असा: धोका कमी, म्हणून दार हलके. घरात काय ठेवले आहे त्यावर कुलुपाचा आकार ठरतो, असे ते म्हणतात. आमचा प्रश्न वेगळा आहे. त्या घरात झाडू मारायला कोण जातो?

ट्रिशियमचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रात नोव्हेंबर 2009 मध्ये कामगारांच्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिशियमयुक्त जड पाणी सापडले. पन्नासहून अधिक कामगारांच्या शरीरात ते गेले होते. कळले कसे? लघवीच्या नेहमीच्या तपासणीत. आतल्याच कोणाचा तरी खोडसाळपणा, असे अणुऊर्जा आयोगाच्या अध्यक्षांनी सांगितले. तसेच असेल. पण लक्षात घ्या, भट्टी वितळली नव्हती, स्फोट झाला नव्हता, यंत्र व्यवस्थित चालू होते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ‘किरकोळ’ ठरणारा हा धोका कूलरच्या नळाने आला आणि तहान लागलेल्या माणसाच्या पोटात गेला.

दुसरे उदाहरण आम्हाला अधिक बोलके वाटते, कारण ते थेट त्या ‘हलक्या’ वर्गातले आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कोबाल्ट-60 असलेले एक गॅमा यंत्र वर्षानुवर्षे वापराविना पडून होते. 2010 मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि मायापुरीच्या भंगारबाजारात पोहोचले. तिथल्या माणसांनी ते फोडले, तुकडे केले, हाताळले. एप्रिलमध्ये माणसे भाजल्यासारखी आजारी पडू लागली. एकाचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. ती अणुभट्टी नव्हती. ज्या वर्गात अमेरिकेने आज फ्यूजन बसवले आहे, त्याच प्रकारचे ते एक यंत्र होते. नियम होते, नियामक होता, विद्यापीठात डॉक्टरेट मिळवलेली माणसे होती. या साखळीत शेवटी जो उभा होता, त्याला मात्र हातात काय आहे हे कोणीच सांगितले नव्हते. भंगाराच्या धंद्यात, गटारात, राखेच्या तळ्यावर शेवटी कोणत्या जातीची माणसे उभी असतात, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

गटारात माणूस उतरवायचा नाही, असा कायदा 2013 पासून आहे. माणसे अजून मरतात आणि प्रत्येक वेळी ‘ठेकेदाराचा माणूस’ होता असे उत्तर मिळते. किरणोत्सारी झालेले पोलाद कापायला, गाळण्या बदलायला, फरशी पुसायला उद्या ठेकेदाराचाच माणूस जाणार असेल, तर ‘फ्यूजन सुरक्षित आहे’ हे वाक्य अपुरे आहे. कोणासाठी सुरक्षित, ते पुढे लिहावे लागेल.

आता आपल्या देशाकडे येऊ. 6 एप्रिल 1948 रोजी अणुऊर्जा विधेयक मांडले गेले तेव्हा सभागृहात एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी विचारले होते की आपल्या कायद्यातली गुप्तता ब्रिटिश-अमेरिकन कायद्यांपेक्षाही जास्त का? समाधानकारक उत्तर मिळाले नाही. 1962 च्या कायद्याने ‘अणुऊर्जा’ या शब्दात विखंडन आणि संलयन दोन्ही घेतले आणि कलम 18 ने माहिती रोखण्याचा अधिकार केंद्राला दिला. नियामक मंडळ 1983 मध्ये आले, तेही सरकारी आदेशाने आणि अणुऊर्जा आयोगाच्या हाताखाली. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हाताखाली नजर ठेवणारा! 2012 मध्ये कॅगने या दुबळेपणावर बोट ठेवले. त्याआधी 2011 मध्ये आणलेले स्वतंत्र प्राधिकरणाचे विधेयक लोकसभेबरोबर बुडाले.

मग आला डिसेंबर 2025. लोकसभेने 17 तारखेला आणि राज्यसभेने 18 तारखेला नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला. इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून त्याला ‘शांती’ म्हटले आहे. (1974 च्या अणुस्फोटाला ‘हसरा बुद्ध’ म्हणाले, 1998 चा स्फोट बुद्धपौर्णिमेला केला, आता कायद्याचे नाव शांती. या खात्याला तथागतांचा फारच लळा दिसतो.) या कायद्याने 1962 चा कायदा आणि 2010 चा दायित्व कायदा दोन्ही रद्द केले. नियामक मंडळाला वैधानिक दर्जा मिळाला, ही चांगली गोष्ट आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण खासगी कंपन्यांना दार उघडले आणि त्याच वेळी 2010 च्या कायद्यातले कलम 17(ब) गेले. सदोष यंत्र पुरवणाऱ्यालाही नुकसानभरपाईसाठी धरता येईल, असे ते कलम होते. भोपाळच्या निकालाने देश पेटला होता म्हणून ते आले होते. चालकाच्या दायित्वाला प्रकल्पाच्या आकारानुसार मर्यादा आहे. लहानात लहान प्रकल्पाला 100 कोटी, मोठ्यात मोठ्याला 3,000 कोटी. माहिती रोखण्याचा अधिकारही सरकारने हातचा सोडलेला नाही.

फ्यूजनसाठी वेगळी नियमचौकट भारताने अजून केलेली नाही. उद्या कंपन्या येतील आणि म्हणतील, जगात सगळीकडे हलके नियम आहेत, इथेही तेच करा. आमचा खरा आक्षेप इथे आहे. अमेरिकेत नियामकाची कागदपत्रे लोकांना वाचता येतात, मसुद्यावर हरकत घेता येते, नुकसान झाले तर कंपनीला कोर्टात खेचता येते. हलके दार त्या घराला लावले आहे. आपल्याकडे दार त्यांचे आणि भिंती आपल्या जुन्या गुप्ततेच्या, अशी जोडणी होणार. नियम हलके, माहिती बंद, दायित्वाला मर्यादा. हे तिन्ही एकत्र आले की कंपनीला सगळे मोकळे होते आणि साखळीच्या शेवटच्या माणसाला काहीच उरत नाही. हलके नियम हवे असतील तर आधी माहिती उघडी करा. माहिती झाकायची असेल तर फ्रान्ससारखा कडक नियामक द्या. दोन्हीतले सोयीचे तेवढे उचलता येणार नाही.

नियम लिहिणाऱ्या टेबलाभोवती कोण बसते, हा प्रश्नही सोडता येत नाही. 16 नोव्हेंबर 1992 च्या इंद्रा साहनी निकालात मंडल आयोगाचे आरक्षण टिकले, हे आपण दरवर्षी सांगतो. त्याच निकालात जिथे आरक्षण सयुक्तिक ठरणार नाही अशा जागांची यादी आहे, त्यावर मात्र आपण बोलत नाही. संशोधन संस्थांतली तांत्रिक पदे, अणुऊर्जा आणि अवकाश क्षेत्रातले शास्त्रज्ञ व तंत्रज्ञ त्यात आहेत. केंद्राच्या नियमानेही संशोधनाच्या वरच्या वैज्ञानिक पदांना आरक्षणातून सूट आहे. म्हणजे झाडू मारणाऱ्याच्या जागेवर प्रतिनिधित्व आपोआप होते आणि नियम लिहिणाऱ्याच्या जागेवर ‘गुणवत्ता’ आडवी येते. नियामक मंडळ हे संशोधन करत नाही. ते जनतेच्या जिवावर निर्णय घेते. तिथे कामगारांचा, गावाचा आणि आपल्या समाजातल्या तज्ज्ञांचा आवाज असणे ही सवलत कशी होईल?

यावर आपलेच काही पुरोगामी मित्र म्हणतात, मग अणू नकोच, गावाला गाव राहू द्या. त्यांच्याशीही आमचे जमत नाही. गावात काय असते हे बाबासाहेबांनी संविधान सभेत स्वच्छ सांगितले आहे आणि गावकुसाबाहेर वाढलेल्याला ते परत सांगावे लागत नाही. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात बाबासाहेब श्रमसदस्य होते. सिंचन आणि वीजही त्यांच्याच खात्यात होती. 25 ऑक्टोबर 1943 रोजी वीजधोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा प्रश्न थेट देशाच्या दारिद्र्याशी जोडला. वीज भरपूर हवी, स्वस्त हवी, आणि ती कोणाच्या मालकीची असावी हे ठरवायला हवे, अशी मांडणी केली. 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. त्याच वर्षी, त्याच टेबलावरून कोळसा खाणकामगारांचा कल्याण निधीही आला. वीज आणि ती तयार करणाऱ्या कामगाराचा जीव, दोन्हींची फाईल एकाच माणसापुढे होती. आज वीज एका मंत्रालयात, अणू दुसऱ्या विभागात, कामगार तिसरीकडे आणि पर्यावरण चौथीकडे.

म्हणून आम्ही फ्यूजनच्या विरोधात नाही. केळीला रात्री बारानंतर येणाऱ्या लाईटवर पाणी भरायला जाणाऱ्या सालदाराच्या बाजूने बोलणारा माणूस विजेच्या विरोधात असूच शकत नाही. आम्हाला फक्त ‘स्वच्छ’ या शब्दाची भीती वाटते. स्वच्छ ऊर्जा म्हटले की पुढचे प्रश्न बंद होतात. धुळे जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणच्या धर्मा पाटलांची सुमारे पाच एकर जमीन वीज प्रकल्पासाठी गेली आणि हाती सुमारे चार लाख रुपये आले. आधी औष्णिक, पुढे सौर अशी त्या प्रकल्पाची भाषा बदलत गेली. मोबदला बदलला नाही. 22 जानेवारी 2018 रोजी त्यांनी मंत्रालयात विष घेतले, 28 तारखेला ते गेले. त्यांच्याकडे निदान सातबारा होता. ज्या खानदेशात 1959 साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी सत्याग्रह केला, तिथे गायरान कसणाऱ्याच्या हाती आजही कागद नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्यात शेतमजुराचे कुटुंबही ‘बाधित’ धरले आहे. त्याची नोंद करायला तलाठी जातो का, हे प्रत्येक गावात विचारून पाहा.

फ्यूजनला जमीन कमी लागते, असेही सांगतील. भट्टीला कमी लागेल. पण ट्रिशियम निसर्गात जवळजवळ मिळत नाही. तो भट्टीतच लिथियमपासून तयार करावा लागतो, आणि लिथियम खाणीतून येते. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने अणू आणि महत्त्वाच्या खनिजांच्या खाणींना जनसुनावणीतून सूट दिली. लिथियम त्या यादीत आहे. आदिवासीला ‘तुझं काय म्हणणं आहे’ हे विचारण्याची औपचारिकताही गेली.

ब्रिटन आपला पहिला फ्यूजन प्रकल्प वेस्ट बर्टन इथे उभारत आहे. ती जुनी कोळशाच्या वीजकेंद्राची जागा आहे. यातून आम्हाला दीपनगर आठवते. तिथले जुने संच बंद झाले आहेत, नवे आले आहेत, कधीतरी तेही बंद होतील. राखेचा शंभर टक्के वापर करा, असा नियम 1999 मध्ये निघाला आणि देशभर त्याच्या मुदती 2009, 2016, 2021 अशा पुढे ढकलल्या गेल्या. कोळशाची डोळ्यांना दिसणारी राख ज्यांना पंचवीस वर्षांत आवरली नाही, त्यांच्या हातात न दिसणारा ट्रिशियम देताना प्रश्न विचारायचे नाहीत का?

विज्ञान शाखेतल्या आपल्या मुलामुलींना आमचे सांगणे आहे: प्लाझ्मा भौतिकीला जा, गांधीनगरच्या संशोधन संस्थेत अर्ज करा. वकिली करणाऱ्यांनी नवा अणुऊर्जा कायदा कलमवार मराठीत उतरवा, कारण आमच्या पाहण्यात तो मराठीत कोणी समजावलेला नाही. आणि नियामक मंडळ फ्यूजनसाठी मसुदा काढेल तेव्हा आपली हरकत तयार हवी. ठेकेदाराच्या कामगाराची किरणोत्साराची नोंदवही त्याच्या स्वतःच्या हातात राहील आणि ठेका संपल्यावरही तपासणी चालू राहील. बंद पडलेले यंत्र भंगारात जाऊ नये म्हणून मोडणीचा पैसा पहिल्या दिवशी वेगळा काढला जाईल. पुरवठादाराचे दायित्व परत येईल. मसुदा मराठीत असेल आणि सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी होईल. या चार मागण्यांचा कच्चा खर्डा आम्ही नशिराबादमध्ये लिहायला घेतला आहे. भुसावळ आणि धुळ्याच्या मित्रांनी त्यात आपापल्या भागातल्या वीज प्रकल्पांतल्या ठेका कामगारांचे अनुभव घालून तो पुढे पाठवावा.